संत गोन्सालो गार्सिया आणि नम्र सेवेची परंपरा



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आम्हीं इतिहासपर चार शब्द लिहावे, असा आपण सर्वांनीं आग्रह धरिला. देवळाचा पाया केव्हां घातला गेला, घंटा कोणीं दिली, वेदी कोणाच्या औदार्यानें उभी राहिली, हें सर्व या पुस्तिकेंत अन्यत्र आलेंच आहे. देणगीदारांची यादीही शेवटीं छापली आहे, आणि तें योग्यच आहे. परंतु ती यादी तपासीत असतां आमच्या मनांत एक प्रश्न उभा राहिला. जिनें वर्षानुवर्षें दर शनिवारीं देवळाची फरशी झाडली, ज्यानें भर पावसांत प्रेतयात्रेपुढें क्रूस धरिला, ज्या आजीनें नातवंडांस मांडीवर बसवून क्रूसाची खूण करावयास शिकविलें, त्यांचीं नांवें कोणत्या यादींत घालावयाचीं?

या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास आपणांस दूर जावयास नको. आपल्या वसईच्याच मातींत जन्मलेल्या संत गोन्सालो गार्सिया यांच्या चरित्रांत तें आहे. त्यांचें नांव आपल्या सर्वांच्या ओठीं आहे. गास येथील देऊळ त्यांच्या नांवानें उभें आहे, आणि भारतभूमींत जन्मून संतपदास पोहोंचलेले ते पहिलेच म्हणून आपणांस त्यांचा अभिमानही वाटतो. तथापि नांव ओठीं असणें वेगळें व चरित्र अंगीं उतरणें वेगळें. त्यांचें मरण आपणांस ठाऊक असतें, परंतु त्या मरणापूर्वींचीं चाळीस वर्षें आपण बहुधा विसरतों.

वसई इ. स. १५३४ सालीं पोर्तुगीजांच्या हातीं आली. त्यानंतर सुमारें बावीस वर्षांनीं गोन्सालो यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज व आई याच देशची. येशूसंघाच्या धर्मगुरूंपाशीं त्यांचें शिक्षण झालें आणि मिसरूडही फुटलें नसेल अशा वयांत ते एका धर्मगुरूंबरोबर जपानला गेले. तेथें ते धर्मशिक्षकाचें काम करूं लागले. जपानी भाषा त्यांनीं अशी आत्मसात केली, कीं ते तद्देशीयांशीं अगदीं घरच्यासारखे बोलत. येशूसंघांत प्रवेश मिळावा, ही त्यांची मोठी इच्छा होती. अनेक वर्षें त्यांनीं सेवा केली, वाट पाहिली. पण तो प्रवेश त्यांस मिळाला नाहीं.

वाचकहो, येथें क्षणभर थांबावें. ज्या घरासाठीं तारुण्य वेंचलें, त्या घराचें दार उघडलें नाहीं, म्हणजे मनुष्याचें मन कडू होतें. आपणांपैकीं कित्येकांनीं याहून लहान कारणासाठीं देवळाची पायरी सोडलेली आम्हीं पाहिली आहे. मिरवणुकींत मान मिळाला नाहीं, समितींत नांव आलें नाहीं, एवढेंही कारण पुरतें. गोन्सालो यांनीं तसें केलें नाहीं. पोटासाठीं त्यांनीं व्यापार धरिला. त्यांत त्यांना यश आलें, आणि जपान, मकाव व मनिला या बंदरांशीं त्यांचा व्यवहार जुळला. परंतु देवाची हांक त्यांच्या कानांतून गेली नाहीं. इ. स. १५८७ च्या सुमारास हा यशस्वी व्यापारी मनिला येथें संत फ्रान्सिस यांच्या संघांत शिरला. धर्मगुरु म्हणून नव्हे, तर साधा धर्मबंधु म्हणून. मिस्सा अर्पण करण्याचा मान नाहीं, कमरेला दोरी बांधावयाची व पडेल तें काम करावयाचें, असें तें जीवन.

इ. स. १५९३ सालीं फिलिपाइन्सच्या गव्हर्नरानें फादर पेद्रो बाप्तिस्ता यांस वकील म्हणून जपानला पाठविलें. त्या वेळीं जपानची सत्ता तोयोतोमी हिदेयोशी याच्या हातीं होती. मिशनऱ्यांनीं देश सोडावा, असें फर्मान त्यानें इ. स. १५८७ मध्येंच काढिलें होतें. पण त्याची अंमलबजावणी कडकपणें होत नव्हती. फादर पेद्रो यांस जपानी येत नव्हतें, म्हणून धर्मबंधु गोन्सालो दुभाषी झाले. दुभाष्याचें काम मोठें नम्रतेचें असतें. बोलणें दुसऱ्याचें, मान दुसऱ्याचा, आणि शब्द चुकला तर दोष मात्र आपला. हिदेयोशीनें त्यांस राहण्याची परवानगी दिली. पुढें क्योतो येथें मठ उभा राहिला, आणि कुष्ठरोग्यांसाठीं रुग्णालयही निघालें. ज्यांना आप्तांनीं टाकिलें होतें, त्यांच्या जखमा या बंधूंनीं धुतल्या. गोन्सालो यांचें जपानी येथें जितकें कामास आलें, तितकें राजदरबारींही आलें नसेल. रोग्याला औषधाबरोबर स्वतःच्या भाषेंतला शब्दही लागतो.

इ. स. १५९६ च्या शरद ऋतूंत 'सान फेलिपे' नांवाचें स्पॅनिश जहाज वादळांत सांपडून जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्यास लागलें. त्यावरील मौल्यवान माल जप्त झाला. मिशनऱ्यांच्या मागून परकी फौज येईल, असा संशय राज्यकर्त्यांच्या मनांत बळावला. डिसेंबर महिन्यांत क्योतो व ओसाका येथें धरपकड झाली. जानेवारींत क्योतोच्या रस्त्यावर प्रत्येकाच्या डाव्या कानाचा भाग कापण्यांत आला, आणि ऐन हिंवाळ्यांत त्यांना सुमारें ८०० किलोमीटरांवरील नागासाकीकडे नेण्यांत आलें. ही वाटचाल सुमारें एक महिना चालली.

आरंभीं चोवीस व वाटेंत मिळालेले दोन, असे एकूण सव्वीस. त्यांत सहा फ्रान्सिस्कन व पौल मिकी यांच्यासह तीन जपानी येशूसंघीय होते. बाकीचे सतरा जण साधे प्रापंचिक जपानी ख्रिस्ती होते. कोणी तरवारींना धार लावणारा, कोणी धनुष्यें करणारा, कोणी सुतार, कोणी आचारी. लुईस नांवाचा मुलगा तर अवघा बारा वर्षांचा. मत्तिया यांची हकीकत विशेष सांगण्यासारखी आहे. शिपाई त्या नांवाच्या एका ख्रिस्ती मनुष्यास शोधीत आले, पण तो घरीं नव्हता. तेव्हां शेजारचा एक गृहस्थ आपण होऊन पुढें आला. आपलेंही नांव मत्तिया असून आपणही ख्रिस्ती आहों, असें त्यानें सांगितलें, व शिपाई त्याला घेऊन गेले. घरांत बसून राहिला असता, तर त्याला कोणीं विचारलेंही नसतें.

इ. स. १५९७ च्या ५ फेब्रुवारी रोजीं नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस उभे राहिले. गोन्सालो सरळ एका क्रूसाकडे गेले आणि हा माझा काय, असें त्यांनीं विचारलें, अशी हकीकत आहे. दुसऱ्या क्रूसाकडे बोट दाखवितांच त्यांनीं गुडघे टेकून त्यास मिठी मारिली. जन्मभर जें काम समोर आलें, तें त्यांनीं असेंच उचललें होतें. मग भाले चालले. इ. स. १६२७ मध्यें त्यांना धन्यवादित ठरविण्यांत आलें, आणि इ. स. १८६२ च्या ८ जून रोजीं पोप नववे पायस यांनीं त्यांची संतांत गणना केली.

पण इतिहास येथें संपत नाहीं. इ. स. १६१४ मध्यें सर्व जपानांत ख्रिस्ती धर्मास बंदी झाली, आणि पुढें दोनशें वर्षांहून अधिक काळ तेथील भाविकांस धर्मगुरु लाभला नाहीं. इ. स. १८६५ च्या १७ मार्च रोजीं नागासाकीच्या ओउरा येथील नव्या देवळांत उराकामी गांवचीं कांहीं माणसें आलीं. त्यांनीं फ्रेंच धर्मगुरु पेटिजां यांना आपली खरी ओळख सांगितली व पवित्र मरीयामातेची मूर्ति कोठें आहे, असें विचारलें. तें देऊळ याच सव्वीस हुतात्म्यांस अर्पिलेलें होतें. इतकीं वर्षें बाप्तिस्मा कोणीं दिला? सणवार कोणीं लक्षांत ठेविले? शेतकऱ्यांनीं, कोळ्यांनीं, घरांतील वडीलधाऱ्यांनीं.

आपल्या वसईचाही इतिहास या बाबतींत निराळा नाहीं. इ. स. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजीअप्पांच्या फौजेनें वसई घेतली. पोर्तुगीज अंमल गेला, त्यांचे मठवासी निघून गेले, आणि किल्ल्यांतील मठ ओस पडले. त्यांच्या छप्पर नसलेल्या भिंती आजही आपण पाहतों. राज्याबरोबर धर्मही जाईल, असें पुष्कळांस वाटलें असेल. तसें झालें नाहीं. देशी धर्मगुरु राहिले, आणि त्यांच्या पाठीशीं आपले वाडीवाले, कोळी व कष्टकरी पूर्वज राहिले. तिन्हीसांजेला अंगणांतील क्रूसापुढें त्यांची जपमाळ चालूच राहिली. इ. स. १९९८ सालीं स्थापन झालेला वसई धर्मप्रांत याच पायावर उभा आहे. मठांचे दगड ढांसळले, पण हा पाया ढांसळला नाहीं.

आतां एक गोष्ट आमच्या स्वतःविषयीं सांगावयास हवी, कारण उपदेश करणारानें आधीं आपली झडती द्यावी. सेमिनरींत असतांना एका वर्षीं गायकवृंदाचें पुढारीपण आपणांकडे येईल, अशी आमची खात्री होती. यादी लागली तेव्हां आमच्या वांट्याला स्वयंपाकघरामागील आवाराची झाडलोट आली. कित्येक दिवस आम्ही केरसुणी मुकाट्यानें चालविली, पण मन मुकें नव्हतें. तें सारखें कुरकुरत होतें. त्याच दिवसांत या वसईकर धर्मबंधूचें चरित्र पुन्हां आमच्या हातीं आलें आणि आमची आम्हांलाच लाज वाटली. तेव्हांपासून कुरकुर अगदींच थांबली, असें आम्ही म्हणणार नाहीं. मात्र ती कोठून येते, हें आम्हांस ओळखूं येऊं लागलें.

शेवटच्या आसनावर बसावें, असें प्रभु येशूनें शिकविलें. आज क्रूसावर चढविणारा कोणी हिदेयोशी आपल्या दारीं येणार नाहीं. पण आजारी सासूची सेवा, कर्ज फेडतांना राखलेला प्रामाणिकपणा, भावाशीं जमिनीचा वाद असतांही त्याच्या दुःखांत धांवून जाणें, मान न मिळतां केलेलें देवळाचें काम, हे क्रूस दररोज आपल्या दारीं येतात. प्रत्येक वेळीं हा माझा काय, एवढेंच आपण विचारावें, आणि तो आपला असेल तर उचलावा.

म्हणून या पुस्तिकेच्या शेवटीं देणगीदारांच्या यादीखालीं आम्हीं एक ओळ कोरी ठेवविली आहे. ज्यांचीं नांवें कोणीं लिहून ठेविलीं नाहींत, त्यांच्यासाठीं ती आहे. ज्युबिलीच्या मिस्सेंत त्या ओळीवर आपण प्रत्येकानें मनांतल्या मनांत एक नांव लिहावें आणि त्या आत्म्यासाठीं प्रार्थना करावी. संत गोन्सालो यांच्या मध्यस्थीनें परमेश्वर या धर्मग्रामास तशींच नम्र माणसें पुढेंही देवो, हीच आमची प्रार्थना. आमेन.