मिश्र दंतावस्था : तपासणी व उपचार

तोंडात दुधाचे आणि कायमचे दात एकाच वेळी असण्याच्या काळाला मिश्र दंतावस्था म्हणतात. साधारण सहाव्या वर्षी पहिली कायमची दाढ किंवा खालचे मधले पटाशीचे दात उगवले की हा काळ सुरू होतो आणि बाराव्या वर्षाच्या सुमारास शेवटचा दुधाचा दात पडला की संपतो. या सहा वर्षांत दुधाचे वीसही दात पडतात, त्यांच्या जागी नवे येतात, आणि त्याच वेळी जबडाही वाढत असतो. त्यामुळे या वयात दात सरळ रांगेत दिसणे हा अपवादच. दिसणाऱ्या वाकडेपणातले काय आपोआप सुटेल, कशासाठी थांबता येईल आणि कशासाठी मुळीच थांबता येणार नाही, हे ठरवणे हे तपासणीचे खरे काम आहे.

पहिली कायमची दाढ एकही दात न पडता, दुधाच्या दाढांच्या मागे गुपचूप उगवते. अनेक घरांत ती दुधाचीच समजली जाते आणि किडली तरी ‘पडणारच आहे’ म्हणून सोडून दिली जाते. ती पडणार नसते, पुन्हा येणारही नसते. अमेरिकी ऑर्थोडॉन्टिस्ट एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये दातांच्या ठेवणीचे जे वर्गीकरण केले आणि जे आजही वापरात आहे, ते याच दाढेवर उभे आहे. वरच्या व खालच्या पहिल्या दाढांचा मेळ बरोबर असून फक्त पुढचे दात वेडेवाकडे असतील तर पहिला वर्ग. खालची दाढ मागे राहिली असेल तर दुसरा, आणि पुढे गेली असेल तर तिसरा.

पालक बहुतेक वेळा मूल दाखवायला आणतात ते सात ते अकराच्या दरम्यान, वरच्या पटाशीच्या दातांत फट पडली म्हणून. हाडात वर असलेले कायमचे सुळे खाली उतरताना शेजारच्या दातांच्या मुळांवर दाब देतात, मुळे आत ढकलली जातात आणि दातांची टोके बाहेर फाकतात. ऑर्थोडॉन्टिस्ट ब्रॉडबेंट यांनी १९३७ मध्ये या टप्प्याला ‘कुरूप बदकपिल्लाची अवस्था’ म्हटले. सुळे जागेवर आले की दोनेक मिलिमीटरची फट सहसा आपोआप मिटते. तारा लावून ती घाईने मिटवली तर मुळे उतरत्या सुळ्याच्या वाटेत येऊ शकतात. काही जण घरीच दोन दातांना रबरबँड घालतात. हे तर अत्यंत घातक. रबर हिरडीखाली सरकत मुळाच्या टोकाकडे जाते, दिसेनासे होते आणि हाड झिजवून चांगले दात कायमचे घालवते.

या काळात सगळा प्रश्न जागेचा असतो. चार कायमचे पटाशीचे दात दुधाच्या दातांपेक्षा एकूण रुंद असतात : वर सरासरी ७.६ मिमी, खाली ६ मिमी. याउलट दुधाच्या दाढांच्या जागी येणाऱ्या उपदाढा त्यांच्याहून अरुंद असतात. त्यामुळे वर प्रत्येक बाजूला सुमारे ०.९ आणि खाली १.७ मिमी जागा उरते. या उरणाऱ्या जागेचा हिशेब ऑर्थोडॉन्टिस्ट नान्स यांनी १९४७ मध्ये मांडला. ही शिल्लक मुख्यतः दुधाच्या दुसऱ्या दाढेमुळे मिळते. ती दाढ किडून लवकर काढावी लागली तर मागची कायमची दाढ पुढे घसरते आणि उपदाढेची वाट अडते. दुधाची किडलेली दाढ वेळेवर भरून वाचवणे हा या वयातला सर्वांत स्वस्त ऑर्थोडॉन्टिक उपचार आहे आणि तोच सर्वांत दुर्लक्षित राहतो. दाढ गेलीच, तर शेजारच्या दाढेवर कडे बसवून त्याला तारेचा फासा जोडलेला ‘स्पेस मेंटेनर’ जागा राखून ठेवतो.

न उगवलेल्या दातांना किती जागा लागेल याचा अंदाज उगवलेल्या दातांवरून बांधता येतो. तनाका आणि जॉन्स्टन यांच्या १९७४ च्या सूत्रात खालच्या चार पटाशीच्या दातांच्या रुंदीची बेरीज करून तिची निम्मी करतात; खालच्या जबड्यासाठी तिच्यात १०.५ आणि वरच्यासाठी ११ मिळवतात. बेरीज २३ मिमी आली, तर खाली एका बाजूच्या सुळ्याला आणि दोन उपदाढांना मिळून २२ मिमी जागा हवी. सूत्र युरोपीय वंशाच्या मुलांच्या मापांवर बेतलेले असल्याने भारतीय मुलांत ते अंदाजापुरतेच धरावे.

अमेरिकन असोसिएशन ऑफ ऑर्थोडॉन्टिस्ट्सच्या शिफारशीनुसार पहिली तपासणी सातव्या वर्षापर्यंत व्हावी. तपासणीत केवळ दात पाहून भागत नाही. मूल तोंडाने श्वास घेते का, अंगठा चोखते का, गिळताना जीभ दातांत घालते का, दात मिटताना खालचा जबडा एका बाजूला सरकतो का, हे पाहावे लागते. नऊ-दहाव्या वर्षी वरच्या ओठाआड बोट फिरवून सुळ्याचा उंचवटा लागतो का तेही चाचपावे. तो लागत नसेल किंवा दोन बाजूंत फरक असेल तर एक्स-रे काढावा. सुळा टाळूकडे भरकटला असेल तर दुधाचा सुळा वेळीच काढल्याने तो पुष्कळदा वाटेवर येतो. एरिक्सन आणि कुरोल यांच्या १९८८ च्या अभ्यासात ७८ टक्के सुळे असे सुधारले.

थांबू नये अशा गोष्टी मोजक्याच. वरचे दात खालच्यांच्या आत बसत असतील आणि त्यामुळे जबडा सरकत असेल, तर चेहरा वाकडा वाढण्याआधी वरचा जबडा रुंदावतात. टाळूचा मधला सांधा या वयात अजून पक्का झालेला नसतो. वरचा जबडा मागे राहिल्याने तिसरा वर्ग झाला असेल, तर त्याला पुढे ओढणारा फेस मास्क दहा वर्षांच्या आत अधिक गुण देतो. अंगठा चोखणे कायमचे पटाशीचे दात येण्याआधी सुटावे. त्यासाठी रागावण्यापेक्षा मुलाला विश्वासात घेणे अधिक उपयोगी पडते.

वरचे दात फार पुढे असलेल्या दुसऱ्या वर्गाबाबत मात्र घाईचा फायदा थोडाच. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये झालेल्या चाचण्यांत, आठव्या-नवव्या वर्षी सुरू केलेल्या दोन टप्प्यांच्या उपचारांचा आणि किशोरवयातल्या एकाच टप्प्याच्या उपचारांचा शेवटचा निकाल जवळजवळ सारखा आला. फरक दिसला तो एका बाबतीत : लवकर उपचार झालेल्या मुलांचे पुढचे दात खेळताना, पडताना कमी दुखावले. म्हणून दात सहा मिलिमीटरपेक्षा जास्त पुढे असतील, ओठ मिटत नसतील किंवा शाळेतल्या चिडवण्याने मूल खचत असेल, तर ट्विन ब्लॉकसारखे काढघाल करता येणारे साधन लवकर द्यावे, आणि बारा-तेराव्या वर्षी बहुधा तारांचा दुसरा टप्पा लागेल, त्याचा वेळ व खर्च वेगळा असेल, हे पालकांना आधीच स्पष्ट सांगावे.