परीक्षानळीवांचून रसायन

रसायनशास्त्रज्ञ म्हटला कीं परीक्षानळी, बर्नरची ज्योत आणि नाकाला झोंबणारा वायु यांचीच आपणांस आठवण होते. परंतु केवळ कागद, पेन्सिल व गणित यांवर निर्वाह करणारा एक पंथही या शास्त्रांत आहे. त्या पंथाचे एक आचार्य, बिद्येंदु मोहन देब, आपल्या उपनगरांतील पवईच्या तंत्रविद्या संस्थेंत अध्यापन करीत होते.

ऑक्सफर्ड येथें चार्ल्स कूल्सन यांच्या हाताखालीं देब तयार झाले. पाण्याचा रेणु वांकडा आणि कर्बद्विप्राणिदाचा सरळ, असें कां, हा त्यांचा प्रश्न. रेणूंतील धनभारित केंद्रकें एकमेकांस दूर लोटतात. ऋणकणांचा मेघ त्यांस ओढून धरतो. या ओढाताणींत जेथें तोल साधतो, तो रेणूचा आकार. त्यांतही सर्वांत वरच्या ऊर्जेच्या ऋणकणांची ओढ बहुधा निर्णायक ठरते, अशी उपपत्ति त्यांनीं १९७४ सालीं मांडली. १९८१ सालीं त्यांस भटनागर पारितोषिक मिळालें.

ही उपपत्ति ज्या सिद्धांतावर उभी आहे, त्याच्या कर्त्याची कहाणी मात्र करुण आहे. ऋणकणांचा मेघ कसा पसरला आहे हें कळलें, कीं केंद्रकांवरील ओढ विद्युतच्या साध्या नियमांनीं मोजतां येते, असें जर्मनीच्या हान्स हेलमान यानें दाखविलें. पत्नी ज्यू वंशाची, म्हणून नाझी राजवटींत त्याची नोकरी गेली. तो मॉस्कोस गेला. १९३७ सालीं त्याचा पुंजरसायनावरील ग्रंथ तेथें निघाला. पुढच्याच वर्षीं, हेरगिरीच्या आरोपावरून, वयाच्या चौतिसाव्या वर्षीं त्यास गोळी घालण्यांत आली. १९३९ सालीं अमेरिकेंत तरुण फाइनमन यानें तोच सिद्धांत स्वतंत्रपणें मांडला. म्हणून त्यास दोघांचीं नांवें आहेत.

योगायोग असा, कीं पवईची संस्था १९५८ सालीं सुरू झाली ती युनेस्कोच्या द्वारें मिळालेल्या सोविएत साहाय्यानें. ज्या राजवटीनें हेलमानला संपविलें, तिच्याच मदतीनें उभ्या राहिलेल्या संस्थेंत त्याचें नांव देबांच्या निबंधांच्या मथळ्यांत पुन्हां उमटलें.

बंदुकीच्या गोळीनें माणूस मरतो. त्यानें सिद्ध केलेलें गणित मरत नाहीं. पण तें कोणाचें, हें पुढच्या पिढीस सांगावें लागतें. म्हणून वर्गांत सिद्धांत शिकवितांना कर्त्याचें नांव गाळूं नये, एवढीच या जुन्या शिक्षकाची आपल्या शिक्षकबंधूंस विनंति आहे.