डुक्कर कोणाचे, शेड कोणाची?

अमेरिकेच्या मक्याच्या मुलुखातील शेतकरी एके काळी डुकराला 'गहाण सोडविणारा' या नावाने ओळखत असे. आयोवा, इलिनॉय, इंडियाना या राज्यांत हे नाव उगीच रूढ झाले नव्हते. रेल्वे येण्यापूर्वी मक्याची पोती दूरच्या बाजारपेठेत नेणे परवडत नसे; तोच मका डुकराच्या पोटात घातला की माल स्वतःच्या पायांनी चालत जाई. सिनसिनाटी शहरात एवढी डुकरे येऊन पडत, की लोकांनी त्या शहराला 'पोर्कोपोलिस' असे टोपणनाव दिले. पुढेही कितीतरी पिढ्या हे गणित टिकले. दहा-वीस माद्या, घरचा मका, घरचीच माणसे. भाव पडला तर पुढच्या हंगामात माद्या कमी ठेवायच्या, चढला की वाढवायच्या. अशा रीतीने शेताचे गहाणखत मोकळे होई.

ज्याच्या जिवावर कर्ज फिटत होते, त्याच्यासाठीच आता मोठे कर्ज काढावे लागते. हा पालट कसा घडला ते आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

त्याची सुरुवात मक्याच्या प्रदेशात झाली नाही. ती झाली दक्षिणेकडील नॉर्थ कॅरोलायना या तंबाखूच्या राज्यात. रोझ हिल या गावी वेंडेल मर्फी हे गृहस्थ पशुखाद्याची गिरणी चालवीत आणि डुकरेही पाळीत. १९६९ साली त्यांच्या कळपात हॉग कॉलरा शिरला, आणि त्यांच्या जागेत डुकरे पाळण्यास मनाई झाली. तेव्हा त्यांनी शेजारच्या शेतकऱ्यांशी करार केले. डुकरे, खाद्य व औषधपाणी मर्फींचे. जागा, शेड व श्रम शेतकऱ्याचे. आपल्याकडे करारावर ब्रॉयलर कोंबड्या पोसणाऱ्यांना ही वाटणी अपरिचित वाटणार नाही. मर्फी पुढे राज्याच्या विधिमंडळातही निवडून गेले. १९९२ मध्ये स्मिथफील्ड कंपनीने त्याच राज्यात टार हील येथे दिवसाला तीस हजारांहून अधिक डुकरे कापण्याची क्षमता असलेला कारखाना उघडला. २००० साली तिने मर्फींचा व्यवसायही विकत घेतला आणि २०१३ मध्ये ती स्वतःच एका चिनी कंपनीच्या मालकीची झाली.

या पद्धतीत शेतकऱ्याच्या वाट्याला शेवटचा टप्पा येतो. त्याला तेथे 'फिनिशिंग' म्हणतात. सुमारे पंचवीस किलोचे पिल्लू आणावयाचे आणि चारेक महिन्यांत सव्वाशे किलोच्या पुढे नेऊन ट्रकवर चढवावयाचे. एका शेडमध्ये बहुधा दोन हजार चारशेच्या आसपास डुकरे असतात. हा आकडाही कायद्याने ठरविला आहे असे म्हणावयास हरकत नाही. कारण २,५०० झाली की मोठ्या प्रकल्पाचे नियम लागू होतात! फरशीला फटी असतात आणि मलमूत्र खालच्या खड्ड्यात पडते. वीज गेली, पंखे थांबले आणि पर्यायी सोय नसली, तर उन्हाळ्यात काही तासांत कळप गुदमरून मरतो. म्हणून शेडमालकाची झोप सावध असते.

मोबदला डुकराच्या भावावर नसतो. तो जागेवर असतो. २०१०च्या दशकात एका डुकराच्या जागेमागे वर्षाला चाळीस डॉलरच्या आसपास मिळत, आणि करार दहा-बारा वर्षांचा असे. म्हणून ही शेड 'उत्पन्न देणारी मालमत्ता' म्हणून विकत घेणारेही निघाले, जसा आपल्याकडे कोणी गाळा घेऊन भाड्याने देतो तसे. खतासाठी मलमूत्र मिळते, हा वरचा लाभ. मक्याच्या शेतकऱ्याला तो लहान वाटत नाही.

या सुरक्षिततेची किंमत १९९८ च्या डिसेंबरात सर्वांना कळली. डुकरे अमाप झाली, कत्तलखाने अपुरे पडले आणि शंभर पौंड जिवंत वजनाचा भाव दहा डॉलरच्याही खाली गेला. पोसण्याचा खर्च त्याच्या कितीतरी पट होता. स्वतःची डुकरे असणारे बुडाले, करारावरचे तगले. त्यानंतर स्वतंत्र शेतकऱ्याला परत फिरणे कठीण झाले. १९८० साली अमेरिकेत डुकरे पाळणारी साडेसहा लाखांच्या आसपास शेते होती. २०२२ च्या गणनेत ती सुमारे साठ हजार उरली. डुकरे मात्र कमी झाली नाहीत. आमच्या मते या इतिहासाचा खरा आकडा हाच आहे, कारण प्रत्येक बंद शेतामागे शाळेतली मुले, गावातले दुकान आणि चर्चमधला एक बाक रिकामा होतो.

चर्चचे तिकडे लक्ष नव्हते असे नाही. १९२३ साली फादर एडविन ओहारा यांच्या पुढाकाराने तेथील कॅथलिक ग्रामीण जीवन परिषद स्थापन झाली होती. ४ ऑक्टोबर १९७९ रोजी पोप जॉन पॉल दुसरे आयोवात डि मॉइन शहराजवळ उघड्या शेतात मिस्सा अर्पण करण्यास आले ते एका शेतकऱ्याच्या निमंत्रणपत्रामुळे. जमीन ही देवाने सोपविलेली ठेव आहे, हा त्यांच्या प्रवचनाचा गाभा होता. जून १९९५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात मलमूत्राच्या एका तळ्याचा बांध फुटला आणि सुमारे साडेनऊ कोटी लिटर घाण न्यू रिव्हर नदीकडे वाहत गेली. १९९७ साली त्या राज्याने अशा नव्या तळ्यांना स्थगिती दिली. त्याच वर्षाअखेरीस ग्रामीण जीवन परिषदेनेही मोठ्या बंदिस्त पशुपालन प्रकल्पांचा विस्तार थांबवावा अशी मागणी केली. ती मान्य झाली नाही. आज एकट्या आयोवात दोन कोटींहून अधिक डुकरे आहेत, माणसे बत्तीस लाख.

शेड विकत घेणारा नेमके काय विकत घेतो? डुकरे नव्हेत. तो विकत घेतो एक करार, आणि त्यावर सही करणाऱ्या कंपनीची मर्जी. २०२३ च्या अखेरीस स्मिथफील्डने यूटा राज्यातील २६ शेतांशी असलेले करार संपवीत असल्याचे जाहीर केले. डुकरे कंपनीची होती. जमीन आणि शेड शेतकऱ्यांची होती.