दाराशी आलेला धनको

हप्ते थकले म्हणून एखाद्याच्या दारातली मोटार, रिक्षा वा ट्रॅक्टर उचलून नेण्यास माणसे आली, की त्या आळीत काय होते हे श्रोत्यांना सांगावयास नको. आधी बाचाबाची होते, मग चार शेजारी गोळा होतात, कोणी चावी लपवितो, कोणी चाकापुढे आडवा पडतो, आणि पुष्कळदा शेवट पोलीसठाण्यात होतो. हा नव्या बाजाराचा नवा रोग आहे अशी आपली समजूत असते. मोटार नवी आहे हे खरे. पण दाराशी येऊन बसणारा धनको जुना आहे. एकदा कायद्याने त्याला दारातून उठविले होते, आणि तो पुन्हा तेथे कसा आला, हा आजचा विषय आहे.

पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ साली जिंकलेल्या मुलखासंबंधी एक अहवाल लिहिला. त्यात ‘तगादा’ या मराठी रिवाजाचे वर्णन आहे. ऋणको बरोबरीचा वा खालचा असेल तर धनको त्याला घराबाहेर पडू देत नसे, जेवू देत नसे, प्रसंगी उन्हात बसवून ठेवी. ऋणको वरच्या दर्जाचा असला म्हणजे मात्र डाव उलटा पडे. मग धनकोच त्याच्या उंबऱ्यावर आडवा होई, दारापुढे आरडाओरडा करी, नाहीतर धरणे धरून उपाशी बसे; आणि तो उपाशी असेतो घरच्या धन्यानेही अन्नाला शिवावयाचे नाही. या सगळ्या प्रकारात न्यायाधीशाची जागा शेजाऱ्यांनी घेतली होती. धनको ओरडत असे तो ऋणकोला ऐकू यावे म्हणून नव्हे. त्याला ते ठाऊकच होते. गल्लीला कळावे म्हणून तो ओरडे. रिवाज क्रूर होता यात शंका नाही, आणि त्याची आठवण काढून उसासे टाकण्याचे कारण नाही. पण एक गोष्ट मान्य केली पाहिजे: तो दिवसाढवळ्या चाले, आणि उद्या सकाळी त्या दोघांना एकाच पाणवठ्यावर जावयाचे असे.

इंग्रजी अमलाने हे मोडून काढले. १८६० च्या दंडसंहितेत दैवी कोपाचा धाक घालण्याच्या गुन्ह्याचे उदाहरण म्हणून दाराशी धरणे धरून बसणाऱ्या माणसाचेच दिले आहे. धनकोने आता न्यायालयात जावे, हुकूमनामा मिळवावा आणि सरकारी बेलिफाकरवी जप्ती आणावी, अशी योजना झाली. बेलिफाचा हात बांधणारे नियमही झाले. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे ६२ वे कलम सांगते की सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बेलिफाने राहत्या घरात शिरू नये. आत पडदानशीन स्त्री असेल तर तिला बाजूला होण्यास अवसर द्यावा. ६० व्या कलमात जप्ती कशावर आणता येत नाही याची यादी आहे: अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची औते आणि बैल, आणि धर्माचाराप्रमाणे स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने. कायद्याच्या रुक्ष भाषेत मंगळसूत्राची दखल घेणारे हे वाक्य ज्याने लिहिले, त्याने या देशातील घर पाहिले होते खास.

अर्थात न्यायालयाच्या वाटेनेही गरिबाचा फार लाभ झाला नाही. कोर्ट दूर, कागद न वाचता येणारा, आणि निकाल बहुधा एकतर्फी. १२ मे १८७५ रोजी पुण्याजवळील सुपे गावी दंगल उसळली आणि ती पुणे व नगर जिल्ह्यांत पसरली. लोकांचा रोख कर्जरोख्यांवर होता. जेथे सावकाराने कागद मुकाट्याने काढून दिले तेथे फारशी मारहाण झाली नाही. त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा निघाला आणि पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला कैदेत टाकण्याची चाल बंद झाली.

इतके झाल्यावर धनको दारात परत आला तो एका शब्दच्छलाच्या आधारे. अमेरिकेत सिंगर कंपनीने १८५० नंतरच्या दशकात शिवणयंत्रे हप्त्याने देण्यास आरंभ केला. माल हप्त्याने विकला तर तो घेणाऱ्याचा होतो आणि बाकी राहते ती उसनवारी. तिच्यासाठी कोर्टाची पायरी चढणे आले. पण माल विकलाच नाही, भाड्याने दिला आणि शेवटचा हप्ता फिटला की तो घेणाऱ्याचा होईल असे लिहून घेतले तर? १८९५ साली एका पियानोचा वाद इंग्लंडच्या लॉर्डांच्या सभेपुढे आला. भाडेकरूने ३६ मासिक हप्ते पुरे होण्याआधीच तो पियानो गहाण टाकला होता. लॉर्डांनी ठरविले की पियानो मूळ मालकाचाच. झाले! जो स्वतःचीच वस्तू परत नेतो त्याला हुकूमनामा कशाला, बेलीफ कशाला आणि सूर्यास्ताचा नियम तरी कशाला? कारागिराचे हत्यार जप्तीतून सुटते ते कारागिराचे असते म्हणून. हप्त्याने घेतलेले शिवणयंत्र त्याचे नव्हतेच.

याचा परिणाम इंग्लंडच्या मजूरवस्त्यांत दिसू लागला. बहुतेक रक्कम फिटलेले सामान एखाददुसरा हप्ता चुकताच ओढून न्यावयाचे आणि पुन्हा दुसऱ्याला विकावयाचे, असा धंदाच काही दुकानदारांनी मांडला. जॅरोच्या मजूर पक्षीय खासदार एलन विल्किन्सन यांनी त्यावर खासगी विधेयक आणले आणि १९३८ साली त्याचा कायदा झाला. एक तृतीयांश किंमत फिटल्यावर न्यायालयाखेरीज वस्तू परत नेता येणार नाही, आणि घरात शिरण्याची परवानगी करारात लिहून घेतली तरी ती निरर्थक, असे त्याने ठरविले. मात्र मोटारींपुरती ५० पौंडांची मर्यादा होती आणि त्या किमतीत नवी मोटार येत नसे. स्वयंपाकघराला संरक्षण मिळाले. रस्त्यावर उभी असलेली मोटार उघडीच राहिली.

अमेरिकेत १९१९ साली जनरल मोटर्सने हप्त्यांसाठी स्वतंत्र कंपनी काढली. उधारीचा तिटकारा असलेल्या हेन्री फोर्डलाही १९२८ साली तेच करावे लागले. पुढे तेथील राज्यांनी जी एकरूप व्यापारसंहिता स्वीकारली, तिने धनकोला न्यायालयावाचून वस्तू नेण्याची मुभा दिली आणि एकच अट घातली: शांतताभंग होता कामा नये. शांतताभंग म्हणजे काय, हे संहितेने मुद्दामच सांगितले नाही. ते न्यायालयांनी खटल्याखटल्याने ठरविले. कुलूप तोडले तर भंग. ऋणकोने समोर उभे राहून स्पष्ट नकार दिला आणि तरी वस्तू ओढली, तर बहुधा भंगच. १९७० साली वॉशिंग्टन राज्यात एका ट्रॅक्टरचा खटला झाला. धनकोची माणसे शेरीफला घेऊन आली होती. न्यायालयाचा कागद मात्र कोणापाशी नव्हता. ऋणको हात न उगारता केवळ विरोध बोलून दाखवीत राहिला. न्यायालयाने म्हटले, वर्दीचा धाक दाखविणे हाही शांतताभंगच.

म्हणजे ऋणकोचे संरक्षण त्याच्या आवाजात आले. आवाज उठण्याच्या आत काम उरकावे हे धनकोच्या सोयीचे झाले, आणि म्हणून ओढून नेणारी गाडी पहाटे येते. बेलिफाला ज्या वेळी मनाई, नेमकी तीच वेळ याच्या पसंतीची. १९७२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने फ्लोरिडातील एका बाईची शेगडी व ध्वनियंत्र सरकारी माणसाने सुनावणीवाचून उचलले ते बेकायदा ठरविले. परंतु गोदामात पडलेल्या सामानाच्या वादात १९७८ साली तेच न्यायालय म्हणाले की खासगी धनको स्वतःच वसुली करीत असेल तर ती सरकारची कृती नव्हे. सरकारला नियम, आणि खासगी माणसाला मोकळीक!

आपल्याकडील कहाणी तर अधिकच विचित्र. भाडेखरेदीचा कायदा संसदेने १९७२ साली केला. ठराविक हिस्सा फिटल्यावर न्यायालयाखेरीज माल परत नेऊ नये असे त्यात होते. तो कधी अमलात आलाच नाही आणि २००५ साली रद्द झाला. उलट १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने वाहनाच्या नोंदणीपत्रावर धनकोचे नाव चढविण्याची, आणि वाहन त्याने ताब्यात घेतल्यास नवे नोंदणीपत्र त्याला देण्याची तरतूद केली. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने बँकांनी वसुलीसाठी गुंड पाठवू नयेत असे कडक शब्दांत बजावले, आणि २००८ साली रिझर्व्ह बँकेने वसुली करणाऱ्यांसाठी नियम काढले. वाहन परत घेण्याचा हक्क मात्र राहिलाच; २०२० साली त्याच न्यायालयाने भाडेखरेदीतला मालक शेवटचा हप्ता फिटेपर्यंत धनकोच असल्याचे पुन्हा सांगितले. पियानोचा निकाल ट्रॅक्टरपर्यंत येऊन पोचला तो असा. औते आणि बैल जप्तीतून वगळणाऱ्याने औताच्या जागी हप्त्याचे यंत्र येईल हे कोठून जाणावे?

सप्टेंबर २०२२ मध्ये झारखंडातील हजारीबाग जिल्ह्यात हप्ते थकलेला एक ट्रॅक्टर वसुलीची माणसे घेऊन जाऊ लागली. शेतकऱ्याची गरोदर मुलगी त्याच्याखाली सापडली आणि गेली. रिझर्व्ह बँकेने त्या वित्तकंपनीला बाहेरच्या माणसांकडून वसुली करून घेण्यास मनाई केली. जानेवारी २०२३ मध्ये ती मनाई उठली.