निळा, पिवळा आणि लाल : चंद्रपूर-गडचिरोलीतील तरुणांच्या मोबाइल पडद्यावरील रंगांचा इतिहास

चंद्रपूर व गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस ऑक्टोबरच्या उत्तरार्धात पाच दिवसांच्या अंतराने दोनदा रंग बदलताना दिसतात. १६ ऑक्टोबरला अनेक स्टेटस निळे होतात, २१ ऑक्टोबरला पिवळे. पहिला दिवस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ मध्ये चांद्यात दिलेल्या धम्मदीक्षेचा. दुसरा १८५८ मध्ये चांद्याच्या तुरुंगात फाशी गेलेल्या बाबुराव शेडमाके यांच्या स्मरणाचा. डिजिटल माध्यमांतील रंगांविषयीच्या प्रश्नावल्यांत निळा म्हणजे विश्वास, पिवळा म्हणजे आनंद, लाल म्हणजे प्रेम अथवा धोका अशी समीकरणे बहुधा आधीच गृहीत धरलेली असतात. त्या समीकरणांनी वरील दोन दिवसांचा उलगडा होत नाही. त्यासाठी रंगांच्या स्थानिक इतिहासाकडेच वळावे लागते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

विद्यार्थ्यांना विचारल्यास निळा रंग धम्मदीक्षेपासून आला, असे उत्तर सहसा मिळते. वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या स्वतंत्र मजूर पक्षाचा झेंडा लाल होता. १९४२ मध्ये नागपूर येथे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली आणि निळा झेंडा आला. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाने तो पुढे चालविला. बौद्ध ध्वज पाच रंगांचा असून तो १८८५ मध्ये श्रीलंकेत सिद्ध झाला. म्हणजे येथील निळा हा आधी राजकीय संघटनेचा रंग होय. धम्माशी त्याचे नाते मागाहून जडले. चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर दरवर्षी १५ व १६ ऑक्टोबरला होणाऱ्या सोहळ्यात पंचरंगी व निळा असे दोन्ही ध्वज दिसतात. मोबाइलच्या पडद्यावर मात्र पंचरंगी मागे पडतो.

याचे एक कारण अगदी यांत्रिक आहे. हृदयचिन्हांच्या प्रमाणित संचात निळे, हिरवे, पिवळे व जांभळे हृदय २०१० मध्येच आले. नारिंगी आले २०१७ मध्ये. ‘जय भीम’पुढे लावण्यास निळे आणि ‘जय सेवा’पुढे लावण्यास पिवळे हृदय आयते मिळाले, भगव्याला सात वर्षे थांबावे लागले. चिन्हे ठरविणाऱ्यांना चांद्याचे नावही ठाऊक नसावे! पिवळ्याची मुळे गोंडी विधींतील हळद व पिवळ्या तांदळांत आहेत; गोंडवाना चळवळीने तोच रंग फेट्यावर व गमछावर आणला.

लाल रंगाची गोष्ट अवघड आहे. १९८० मध्ये आंध्रातून पीपल्स वॉरची दलमे या भागात उतरली. १९८२ मध्ये गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. तेव्हापासून जंगलातील लाल स्मारके आणि रस्त्यावर टाकलेली लाल कापडी फलके हीच लालची ओळख झाली. मोबाइल बाळगणाराही काही गावांत खबरी ठरे. मनोरे जाळले गेले. लालचे समर्थन केले तर पोलिसांचा संशय, विरोध केला तर दलमांचा रोष, अशा कात्रीत वाढलेल्या पिढीने हा रंग राजकीय अर्थाने पडद्यावर वापरला नाही, यात नवल नाही. लाल हृदय तेथे असते, ते वाढदिवसाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे ठेवली. तरी रंगाविषयीचे हे मौन लगेच सुटेल, असे वाटत नाही. मौनाची नोंद प्रश्नावलीत होत नाही, ही अभ्यासकाची खरी अडचण होय.

आणखी एका चिन्हाचा उल्लेख येथे आवश्यक आहे. गोंडवानाचा ध्वज सप्तरंगी आहे. कचारगडच्या यात्रेत तो फडकतो. मुंबईच्या तरुणांच्या पडद्यावर इंद्रधनुषी पट्टे समलिंगी व तृतीयपंथी समूहांच्या अभिमानाचे द्योतक ठरतात. भामरागडच्या विद्यार्थ्याने स्टेटसवर ठेवलेले पट्टे यांपैकी कोणते, हे केवळ रंग पाहून सांगता येत नाही. खाली ‘जय सेवा’ लिहिले आहे का, ते पाहावे लागते.