वेल्सच्या किनाऱ्यावरील ‘हॉलिडे कॉटेज’

‘हॉलिडे कॉटेज’ म्हणजे सुटीपुरते भाड्याने मिळणारे अख्खे घर. येथे हॉटेलप्रमाणे जेवणाची व्यवस्था नसते, तर राहणारी कुटुंबे स्वतःच स्वयंपाक करतात. वेल्समधील अशी अनेक मोठी घरे जुनी दगडी शेतघरे किंवा कोठारे दुरुस्त करून तयार केलेली असून, २०१२ मध्ये खुल्या झालेल्या सुमारे १,४०० किलोमीटरच्या किनारी पायवाटेवर भटकणारे गटही त्यांत उतरतात. मात्र अशा घरांच्या वाढीमुळे वेल्शभाषक तरुणांना स्वतःच्याच गावात घर परवडेनासे होते, ही चिंता रास्त असल्याने, एप्रिल २०२३ पासून सर्वसाधारणपणे वर्षात किमान १८२ दिवस प्रत्यक्ष भाड्याने गेलेल्या घरालाच व्यावसायिक करआकारणी मिळते, अन्यथा निवासी घरपट्टी लागू होते.