ज्वालामुखीच्या काठावरचे वाटाडे

हवाई बेटावर किलाउएआ ज्वालामुखीच्या अगदी काठाला ‘व्होल्कॅनो हाउस’ नावाचं हॉटेल आहे. १८६५ साली, जेव्हा ते गवताने शाकारलेलं एक खोपटं होतं, तेव्हा गुलिक नावाच्या मिशनऱ्याने तिथे एक कोरी वही आणून ठेवली. येणाऱ्या पाहुण्यांनी नावगाव तर लिहावंच, पण त्या दिवशी विवरात काय दिसलं तेही लिहावं, अशी विनंती केली. लोकांनी लिहिलंही. कुणी लाव्हाच्या तळ्याचे नकाशे काढले, कुणी कविता पाडल्या. किलाउएआची वेधशाळा सुरू झाली १९१२ मध्ये. त्याआधीच्या अर्ध्या शतकात हा डोंगर कसा वागला हे शोधताना भूशास्त्रज्ञांना या वहीचा मोठाच आधार झाला.

मी जन्मभर कॉलेजात भूशास्त्र शिकवलं, तेव्हा असल्या वहीचं मोल मला ठाऊक आहे. पण विद्यार्थ्यांना घेऊन सह्याद्रीत हिंडताना गावातला माणूस बरोबर घेतल्याखेरीज मी कधी कडा उतरले नाही. त्यामुळे मला दुसराच प्रश्न पडतो. पाहुणा यायचा, एक-दोन रात्री राहून निघून जायचा. त्याला खाली नेणारा मात्र पुन्हा पुन्हा खाली जायचा. तळ कुठे तडकलाय, कालची वाट आज चालेल का, हे त्याला कळायचं. पण वही पुढे केली जायची ती पाहुण्याच्या.

वाटाडे तर त्या वहीच्याही आधीपासून होते. १८२३ च्या ऑगस्टमध्ये विल्यम एलिस आणि त्याचे मिशनरी सोबती इथे पोचले, ते स्थानिक माणसांच्या पाठोपाठ चालतच. वाटेत ओहेलोची झुडपं लागली. मिशनरी तहानभुकेने कासावीस झालेले, त्यांनी फळांना हात घातला. बरोबरचे लोक घाबरले. ही फळं पेलेची, म्हणजे ज्वालामुखीच्या देवीची. आधी तिला वाहायची, मग खायची. मिशनऱ्यांनी ऐकलं नाही, खाल्ली. पुढच्याच वर्षी कापिओलानी नावाच्या ख्रिस्ती झालेल्या हवाईयन सरदारणीने विवरात उतरून हाच नियम जाणूनबुजून मोडला. शाळेच्या पुस्तकांना साजेसा प्रसंग आहे तो. माझं मन मात्र रेंगाळतं त्या घाबरलेल्या सोबत्यांपाशी. देवी कोपेल ही भीती उराशी धरून त्यांनी त्या परक्यांना पुढे नेलंच.

नंतरच्या प्रवाशांपैकी इझाबेला बर्डचे मी आभार मानते. १८७३ मध्ये ती हिलो बंदराहून घोड्यावरून वर आली. अठ्ठेचाळीस-एक किलोमीटरची चढण, ओहियाच्या जंगलातून आणि नेच्यांच्या गर्दीतून. बरोबरच्या वाटाड्याचं नाव तिने लिहून ठेवलं : उपा.

मार्क ट्वेन आला होता १८६६ मध्ये. रात्री कंदील घेऊन मंडळी विवराच्या तळावर उतरली. पुढचा भाग धोक्याचा दिसताच बाकी सगळे मागे फिरले. ट्वेन आणि मार्लेट नावाचा एकजण तेवढे पुढे गेले. थोड्या वेळाने मार्लेटने थांबायला सांगितलं आणि लगेच त्याच्या पायाखालचं कवच फुटलं, तो काखेपर्यंत आत गेला. तो वर आला खरा, पण वाट गेली. कंदिलाच्या उजेडात सापडेना. सापडली ती पायांना. ताज्या लाव्हाच्या अंगावर काचेसारख्या बारीक सुया असतात, त्या पायाखाली करकरतात. रुळलेल्या वाटेवर त्या झिजून गेलेल्या असतात. करकर वाढली म्हणजे वाट सुटली. ट्वेनच्या बढायांना मी एरवी रुपयात चार आणे किंमत देते, पण हे वर्णन अस्सल आहे. आणि ती वाट झिजवली कुणी, तर आधी खाली जाऊन आलेल्या पायांनी.

१८७७ मध्ये हॉटेलची लाकडी इमारत झाली. १८९४ मध्ये हिलोहून बग्गीचा रस्ता आला आणि गर्दी वाढली. वाटाडे पाहुण्यांना गरम भेगांपाशी न्यायचे आणि पाहुणे तिथे पोस्टकार्डांच्या कडा करपवून ती घरी पाठवायचे. याच हॉटेलात अॅलेक लँकेस्टर वाटाड्याचं काम करी. पुढे वेधशाळेच्या पहिल्या वर्षांत शास्त्रज्ञांनी त्यालाच हाताशी घेतलं. १९१२ मध्ये वायूचे नमुने घ्यायला काहीजण विवरातल्या हालेमाउमाउ नावाच्या खड्ड्यात, लाव्हाच्या तळ्यालगत उतरले, त्यांत तोही होता. विज्ञानाच्या इतिहासात त्याच्या वाट्याला अधूनमधून एखादी ओळ येते.

ते तळं १९२४ मध्ये रितं झालं. मे महिन्यात स्फोट झाले, फार जवळ गेलेला एक छायाचित्रकार दगावला, आणि तळ्याच्या काठापर्यंत चालत जाण्याचे दिवस सरले.

आज दिवसभराच्या सहलीत बहुतेकांना नेतात ते शेजारच्या किलाउएआ इकी नावाच्या विवरात. मीही तिथेच उतरले. काठावर पावसाळी जंगल, माणसाहून उंच वृक्षनेचे. एकोणिसाव्या शतकात त्यांच्या कोंबांवरची रेशमी लव, म्हणजे पुलू, गाद्या-उशांत भरायला कॅलिफोर्नियाला जायची. तिचा लवकर भुगा व्हायचा, म्हणून तो धंदा बसला. एकशेवीस मीटर खाली गेलं की झाडं संपतात आणि काळा तळ सुरू होतो. १९५९ मध्ये इथे लाव्हाचं कारंजं ५८० मीटरपर्यंत उसळलं होतं. साठलेला लाव्हा शंभर मीटरहून खोल. तो पुरता गोठायला १९९० च्या दशकाचा मध्य उजाडला. मी आयुष्यभर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला बेसाल्ट शिकवला. इथला माझ्याहून लहान!

तळावरची वाट फिकट दिसते. पावलांनी झिजलेली. कडेने दगडांचे छोटे ढीग रचून खूण केलेली आहे. पाहुण्यांनी आपले ढीग रचू नयेत, नाहीतर मागचे लोक भरकटतात, असं आमची वाटाडी बजावत होती. बाई इथलीच, पन्नाशीची. तिच्या वडिलांनी ते कारंजं पाहिलं होतं. पाऊस पडला की कुठल्या भेगेतून वाफ आधी निघते, हे तिला पाठ होतं. मी विचारलं, हे कुठे लिहून ठेवता का? ती म्हणाली, मोबाइलमध्ये, तारीखवार, बारा वर्षांचं आहे; अजून कुणी मागितलेलं नाही.

आता तिच्या कामात एक भर पडली आहे. ओहियाची झाडं एका बुरशीने काही दिवसांत किंवा आठवड्यांत वाळून जातात. हा रोग २०१४ मध्ये ओळखला गेला आणि तो बुटांना चिकटलेल्या मातीतूनही पसरतो. म्हणून वाटेच्या तोंडाशी ब्रश असतात. तिने आम्हाला एकेकाला उभं करून तळवे घासायला लावले, वर अल्कोहोल फवारलं, आणि माझे बूट नीट निघाले नाहीत म्हणून मला परत रांगेत पाठवलं.